ज्याची त्याची शिट्टी

बाबांचे दात ज्या दिवशी मिळायचे होते, त्याच दिवशी दुरुस्तीला टाकलेले भिंतीवरचे घड्याळही मिळायचे होते, तळ बदलायला दिलेले आईचे बूट आणायचे होते आणि पुढच्या खोलीच्या पडद्यांना कापड आणायचे होते. थोरलीने ही सगळी कामे मुद्दाम एका दिवसात बसवली होती. ती पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नकाशे काढीत असे. रस्त्याखालून कोणता नळ कुठे जातो, कुठे वळतो आणि त्याची झडप नेमकी कुठे आहे, हे कागदावर उतरवण्यात तिची उमेदीची वर्षे गेली होती. त्यामुळे माणसेही आखून दिलेल्या वाटेनेच वाहतात, अशी तिची प्रामाणिक समजूत होऊन बसली होती. धाकटा भाऊ तिला ‘मोजपट्टी’ म्हणे. तिने त्याचे नाव लहानपणीच ‘भोंगा’ ठेवले होते, कारण त्याला हळू बोलणे म्हणून ठाऊक नव्हते. तो सामान वाहणारी गाडी चालवी, आणि आज ती गाडी रिकामी करून, आतून पुसून दारात उभी होती.

सगळे जय्यत तयार होते. फक्त आई निघायला राजी नव्हती.

“तुम्ही तिघं जाऊन या,” ती म्हणाली. “बूट तेवढे घेऊन या. बुटांना काही माझी सोबत लागत नाही.”

“तळ बदलला की पायात घालून बघावा लागतो, आई.”

“बूट माझे, पाय माझे. इतक्या वर्षांची ओळख आहे त्यांची. चुकायचे नाहीत.”

“आणि पडद्याचा रंग कोण ठरवणार? मागच्या खेपेला भोंग्याने आणलेला आठवतोय ना?”

“काय वाईट होता?” भोंग्याने दारातून विचारले, आणि समोरच्या घराची खिडकी उघडली. “चांगला ठसठशीत होता!”

आईची दृष्टी गेल्या काही वर्षांत चमत्कारिक रीतीने उणावली होती. कडेचे सारे तिला लख्ख दिसे. पण जिकडे पाहावे नेमके तिथेच धुके येऊन बसे, आणि त्या धुक्यात माणसांचे चेहरे हरवत. ती जिना उतरे, भाजी निवडी, रंग ओळखी. गर्दीत आपले माणूस कोणते ते मात्र तिला कळत नसे. या तोट्याचे तिने फारसे दुःख केले नव्हते, कारण आपले माणूस डोळ्यांनी शोधण्याची वेळ तिच्यावर आलीच नव्हती. बाबा शिट्टी वाजवीत आणि ती शिट्टीच्या रोखाने चालू लागे.

ही शिट्टी साधीसुधी नव्हती. बाबांनी जन्मभर बंदरात क्रेनच्या खाली उभे राहून काम केले होते. वर काचेच्या खोलीत बसलेल्या चालकाला खालचे नीट दिसत नाही आणि यंत्रांच्या घरघरीत कुणाचे ओरडणे त्याला ऐकू जात नाही. म्हणून खालच्या माणसाने दोन बोटे तोंडात घालून शिट्टीने इशारा द्यायचा, अशी त्या धक्क्यावरची जुनी रीत होती. चढत जाणारी लांब शिट्टी म्हणजे ‘उचल’. दोन तुटक शिट्ट्या म्हणजे ‘थांब’. आणि वरून सावकाश उतरत येऊन विझणारी म्हणजे ‘टेकला’, माल सुखरूप जमिनीला लागला, आता साखळी सोड. बाबांनी हे इशारे घरी आणले. थोरली पाळण्यात असल्यापासून मान उचलून जगाची तपासणी करी, म्हणून तिच्या वाट्याला ‘उचल’ आली. भोंग्याला ‘थांब’ मिळणार हे तर त्याला चालता येऊ लागले त्याच दिवशी ठरले. संध्याकाळी गल्लीच्या कोपऱ्यावर बाबा स्वतःसाठी ‘टेकला’ वाजवीत, आणि आई चहाचे आधण ठेवी. आईसाठी मात्र त्यांनी धक्क्यावरचा कुठलाच इशारा वापरला नव्हता. तिची शिट्टी त्यांनी स्वतः रचली होती. ठाय लयीत सुरू होऊन शेवटी अलगद वर वळणारी, एखादा प्रश्न विचारावा तशी.

तीन महिन्यांपूर्वी हिरड्यांच्या दुखण्यापायी बाबांचे उरलेसुरले दात काढावे लागले, आणि दातांबरोबर शिट्टीही गेली. ओठांना मागून टेकूच राहिला नाही. बाबांनी त्याबद्दल अवाक्षर काढले नाही. आईनेही काढले नाही. तिने फक्त घराबाहेर पडणे बंद केले. कुणी विचारले तर म्हणे, पायात गोळे येतात.

बाबा आता तिच्या पुढ्यात येऊन उभे राहिले.

“हे बघ,” ते पोकळ तोंडाने म्हणाले, “दुपारच्या आत दात मिळतील. मग मी हाक मारीन. तू कुठेही अस.”

आईने मान किंचित बाजूला वळवली. कुणाला नीट पाहायचे असले की ती अशी कडेने पाही. “नक्की?”

“नक्की म्हणजे नक्की.”

“मग थांबा. केस विंचरून येते.”

ती आत गेली तसे बाबा थोरलीला म्हणाले, “अगं, मागच्या पत्र्यावर दुपारी एक पक्षी येऊन बसतो. डोळा लागतो न लागतो तोच सुरू. धड शीळ नाही, धड चिवचिव नाही. असा बिघडलेला पक्षी मी जन्मात ऐकला नाही.”

“शिकत असेल बिचारा,” आई आतून म्हणाली. “झोपा तुम्ही निवांत. त्याचं तो बघून घेईल.”

*

घड्याळाचे दुकान आधी लागले. दुकानदाराने घड्याळ फडक्यात गुंडाळून थोरलीच्या हाती दिले आणि डोक्यामागे हात नेला.

“वेळ अगदी अचूक दाखवतंय,” तो म्हणाला. “टोले मात्र अजून मनाला येईल तसे देतंय. महिनाभर चालू द्या, मग परत आणा. बसेल जागेवर.”

“म्हणजे दुरुस्त नाहीच झालं,” थोरली म्हणाली.

“असू दे गं,” आई म्हणाली. “बंद होतं ते चालायला लागलं. हेही काही कमी नाही.”

थोरलीने ओठ आवळले. हे वाक्य ती लहानपणापासून ऐकत आली होती. छत गळे तेव्हा ‘पलंगावर तर गळत नाही’. परीक्षेत गणिताने दगा दिला तेव्हा ‘बाकीच्यांनी तर नाही ना दिला’. आणि प्रत्येकाच्या शेवटी हे ‘हेही काही कमी नाही’. समाधान मानणाऱ्यांच्या घरात कधी काही दुरुस्त होत नाही, असे थोरलीचे स्पष्ट मत होते. नळ गळत असेल तर माणसाने गळतो म्हणावे. निदान भांडे तरी भरते आहे, असे म्हणत बसू नये.

तिने घड्याळ खांद्याच्या मोठ्या पिशवीत घातले. गाडीत बसताना आईने “हा धर जरा, माझ्या हातात राहत नाही” म्हणून आपला फोनही त्याच पिशवीत सोडला. थोरलीने मान हलवली आणि पुढचे काम डोक्यात घेतले.

दातांच्या दवाखान्याची लिफ्ट चालू होती. आईने त्याबद्दल जे म्हणायचे ते म्हटले. प्रतीक्षेच्या खोलीत गाल सुजलेली, रुमाल धरलेली माणसे भिंतीला पाठ टेकून गप्प बसली होती, आणि त्या शांततेत थोरलीच्या पिशवीतून एकदम टोले पडू लागले. एक, दोन, तीन. मग थोडा दम खाऊन आणखी बरेच. कोपऱ्यातल्या एका आजोबांनी मनगटावर पाहिले, मग खिडकीबाहेरच्या उन्हाकडे पाहिले आणि मग थोरलीकडे.

“चांगलं उदार घड्याळ आहे,” ते गाल धरून म्हणाले. त्यावर सगळी खोली हसली. हसताना प्रत्येकाला कुठे ना कुठे कळ आली, आणि त्यामुळे ती आणखीच हसली. थोरलीलाही हसू आवरेना. सकाळपासून ती पहिल्यांदाच हसली होती, हे आईने न पाहता ओळखले आणि तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

आत मात्र हसण्यासारखे काही नव्हते. डॉक्टर तरुण होती, हातांची हलकी. तिने वरची कवळी बसवली, खालची बसवली, बाबांना तोंड उघडायला लावले, मिटायला लावले, आरसा दाखवला. बाबा आरशातल्या माणसाकडे बराच वेळ पाहत राहिले. तो त्यांच्यापेक्षा बराच तरुण होता आणि उगाचच खूश दिसत होता.

“कुठे टोचतंय का?”

बाबांनी मान हलवली. मग त्यांनी थोरलीकडे एकदा पाहिले, दोन बोटे तोंडात घातली आणि फुंकले. सायकलच्या चाकातून हवा जावी तसा आवाज आला. त्यांनी बोटे पुसली, पुन्हा घातली, पुन्हा फुंकले. पुन्हा नुसती हवा.

“शिट्टी का?” डॉक्टर म्हणाली. “आजोबा, काहींना जमते पुढे, काहींना नाही जमत. खोटं कशाला सांगू? आधी नीट जेवायला शिका, बोलायला शिका. शिट्टीचं मग बघू.”

“शगळं ठीक आहे,” बाबा म्हणाले, आणि आपलाच उच्चार ऐकून चपापले. त्यानंतर बराच वेळ त्यांनी ‘स’ असलेला एकही शब्द तोंडातून बाहेर पडू दिला नाही. भोंग्याने खाली गाडीपाशी विचारले, “काय बाबा, कसं वाटतंय?” तेव्हा त्यांनी विचार करून उत्तर दिले, “उत्तम.”

“बघू बघू! वा! बाबा, हात दाखवून अवलक्षण म्हणतात, तुम्ही दात दाखवा खुशाल!” भोंगा गरजला. “आता वाजवा बघू एक!”

बाबा गाडीच्या दाराची कडी चाचपत राहिले. थोरलीने भावाला कोपराने ढोसले. आई शेजारीच उभी होती. तिने बाबांचा दंड धरला आणि गाडीत चढताना नेहमीपेक्षा जरा जास्त जोर दिला.

*

बूट दुरुस्त करणाऱ्याचे दुकान मोठ्या छताच्या बाजाराच्या एका टोकाला होते. तळ चिकटवून झाला होता, पण टाके घालायचे राहिले होते. “थोडं बसा, देतो लगेच,” तो म्हणाला. आई त्याच्या स्टुलावर पाय वर घेऊन बसली. भोंग्याला गाडी चुकीच्या जागी लावल्याबद्दल पहारेकऱ्याने हाक मारली, तो तिकडे धावला. बाबा “आलोच” एवढेच म्हणून बाजारातल्या स्वच्छतागृहाकडे गेले; तिथे आरसा होता, हे थोरलीने ओळखले आणि काही विचारले नाही. कापडाची दुकाने मधल्या ओळीत होती.

“आई, रंग कुठला आणू?”

“फिका पिवळा. सकाळचं ऊन आलं की तो आपोआप उजळतो, आपल्याला काही करावं लागत नाही.”

“इथेच बस हं.”

“मी कुठं जातेय?” आई म्हणाली.

थोरली परत आली तेव्हा बगलेत फिक्या पिवळ्या कापडाचा तागा होता आणि स्टूल रिकामे होते.

“त्या ना? गेल्या की,” बूटवाला दोऱ्याचे टोक तोडीत म्हणाला. “बूट घातले, दोनदा पाय आपटले, म्हणाल्या, जरा चालून बघते.”

“कुठल्या बाजूला?”

त्याने अवजार धरलेला हात बाजाराकडे केला. त्या हातात सगळ्याच बाजू आल्या.

थोरलीने फोन काढून आईला लावला. तिच्याच पिशवीत, घड्याळाच्या पोटाशी, आईचा फोन आनंदाने वाजू लागला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा, असे तिच्या मनात आले आणि पाठोपाठ तोंडचे पाणी पळाले. चुकामूक झाली तर कुठे भेटायचे हे त्यांनी ठरवलेच नव्हते. आजच नव्हे, कधीच ठरवले नव्हते. दुसरी कुटुंबे जत्रेत, स्थानकावर, दुकानाच्या दारात सांगून ठेवतात, की हरवलात तर या खांबापाशी या. यांच्या घरात असा खांब कधी नव्हताच, कारण हरवलेच तर बाबा शिट्टी वाजवीत. शहरभराच्या नळांवर कुठे कोणती झडप आहे हे सांगू शकणारी थोरली, आपल्या माणसांसाठी एक खांब नेमायला विसरली होती. विसरली तरी कसे म्हणावे? तो विचार त्या घरात जन्मालाच आला नव्हता.

भोंगा आला. ऐकताच त्याने छाती भरून घेतली.

“आईऽऽऽ!”

बाजारातल्या असतील नसतील त्या सगळ्या आयांनी वळून पाहिले. फळे निवडणाऱ्या, लेकरांना ओढत नेणाऱ्या, भाव तोडणाऱ्या. एकीच्या हातून बटाटा पडला. वळली नाही ती फक्त त्यांची.

“अरे, किती जणींना घाबरवशील?” थोरली म्हणाली. “आणि ती वळली तरी तिला तू दिसणार आहेस का? छताखाली सगळीकडून आवाज घुमतो. कुठून आला ते कळणार कसं?”

“मग काय करू? तूच सांग! तू मोजपट्टी ना?”

“तू मासळीच्या ओळीपासून बघत ये. मी या बाजूने जाते. मधल्या पाण्याच्या हौदापाशी भेटू.”

“आता ठरवतेय भेटायची जागा!” भोंगा म्हणाला, आणि धावला.

थोरली ओळीओळीने फिरली. तिला लांबून चारपाच वेळा आई दिसली, आणि प्रत्येक वेळी जवळ गेल्यावर ती दुसऱ्याच कुणाची निघाली. हौदापाशी पोचली तेव्हा बाबा तिथे आधीच उभे होते. त्यांना भोंग्याने वाटेत सांगितले होते. नव्या दातांच्या मागे त्यांचा चेहरा खूप जुना झाला होता.

“मीच म्हटलं तिला, चल,” ते म्हणाले. “मी हाक मारीन म्हटलं.”

“बाबा, सापडेल ती. बाजारातून बाहेर नाही गेली अजून.”

“आज मिळेल गं. बाजार आहे, कुणीतरी हात धरून आणील.” ते थांबले. “उद्या? उद्या ती म्हणेल, पायात गोळे येतात. आणि मी काय म्हणू?”

आई हरवली आहे, एवढेच थोरली धरून बसली होती. बाबांना कळले होते की आज आई सापडली तरी उद्यापासून हरवणारच आहे, घरातल्या घरात, मागच्या पत्र्यावरच्या उन्हाकडे कडेने पाहत.

बाबांनी हौदाच्या कट्ट्यावर पाय रोवले, जसे ते धक्क्यावर रोवीत असतील. दोन बोटे तोंडात घातली. गालांच्या शिरा फुगल्या. फुस्स झाले. पुन्हा फुंकले, पुन्हा फुस्स. तिसऱ्या खेपेला त्यांनी असा जीव एकवटला की वरची कवळी सुटली आणि थेट त्यांच्या तळहातावर येऊन बसली. शेजारची फुलांना पाणी मारणारी बाई डोळे विस्फारून पाहू लागली. बाबांनी तिच्याकडे पाहून मान लववली, कवळी हौदाच्या नळाखाली धुतली, तोंडात बसवली आणि पुन्हा बोटे वर नेली. थोरलीला वाटले, त्यांचा तो हात खाली घ्यावा आणि म्हणावे, पुरे. पण तिच्याने ते करवले नाही.

तेवढ्यात बाजाराच्या मागच्या दाराकडून एक शिट्टी आली.

बारीक होती, कडेला फाटलेली होती. वरून निघाली, मध्ये एकदा तोल गेला, पुन्हा सावरली, आणि सावकाश उतरत येऊन विझली.

‘टेकला.’

बाबांची बोटे ओठांपाशीच राहिली. जन्मभर त्यांनी हा इशारा दुसऱ्यांना दिला होता. वर बसलेल्या चालकाला, गल्लीच्या कोपऱ्यावरून घराला. त्यांना तो कुणी दिला नव्हता. कान टवकारून ते उभे राहिले. शिट्टी पुन्हा आली, या वेळी जरा धीट.

“तो पक्षी,” बाबा म्हणाले. “अगं, पत्र्यावरचा तो पक्षी!”

आणि ते चालू लागले. इकडे तिकडे न पाहता, माणसांना बाजूला सारीत, थेट त्या आवाजाच्या रोखाने, जशी आई इतकी वर्षे चालत आली होती. थोरली कापडाचा तागा सावरीत त्यांच्यामागे धावली.

बाजाराच्या मागच्या दाराशी, रिकाम्या खोक्यांच्या उतरंडीशेजारी एका बाकावर आई बसली होती. नवे तळ लावलेल्या बुटांतले पाय तिने पुढे पसरले होते आणि दोन बोटे तोंडात होती. शेजारी समोरच्या भाजीवालीने दिलेला पाण्याचा पेला होता.

“अगं!” बाबा म्हणाले.

“आलात?” आईने मान वळवून त्यांना कडेने पाहिले. “किती वेळ लावलात! माझे गाल दुखायला लागले.”

“तू... तुला हे केव्हा आलं?”

“दुपारी. तुम्ही घोरत असायचात तेव्हा. म्हटलं, तुमचे दात गेले तर गेले. माझे आहेत की घरचे, सगळेच्या सगळे. नुसते खायलाच का वापरायचे?”

“पण तुझ्या मते तर पक्षी शिकत होता.”

“मग? शिकतच होते ना?”

“आई,” थोरली धापा टाकीत म्हणाली, “तुला स्टुलावरून उठायला कुणी सांगितलं? आम्ही किती घाबरलो! मी तुला म्हटलं होतं, इथेच बस.”

“म्हटलं होतंस. आणि मी बसले असते तर कळलं कसं असतं?” आईचा आवाज थोडा खाली आला. “सकाळी हे म्हणाले, मी हाक मारीन. दवाखान्यातून बाहेर आले तेव्हा यांचा दंड धरला मी, तेव्हाच कळलं की नाही जमलं. म्हटलं, आता आज जर मी जाऊन बघितलं नाही, तर उद्या माझा धीर व्हायचा नाही. बूट चांगले झालेत. बूट म्हणाले, चल. मी निघाले. इथवर आले आणि मग सगळे आवाज एकात एक मिसळले. घाबरले की. नाही कशाला म्हणू? पहिल्यांदा बोटं घातली तर नुसती हवा.”

“माझीही,” बाबा म्हणाले.

“ऐकली की. मला वाटलं, कुणाच्या सायकलच्या चाकातली हवा गेली. नंतर म्हटलं, इतक्या जिवाच्या कराराने कुठली सायकल फुसफुसते? म्हणजे आहेत इथेच. मग जमली मला.”

बाबा तिच्या शेजारी बसले. त्यांना हसू येत होते आणि नवे दात हसू कसे धरावे हे अजून शिकले नव्हते, त्यामुळे त्यांचे तोंड कधी उघडत होते, कधी मिटत होते. थोड्या वेळाने त्यांनी घसा खाकरला. धक्क्यावरचा माणूस जागा झाला होता.

“मधे तोल गेला तुझा,” ते म्हणाले. “उतरताना घाई नाही करायची. वर माल टांगलेला अशतो.”

“शिकवा मग,” आई म्हणाली. “आणि ‘असतो’ म्हणायला मी शिकवते.”

मासळीच्या ओळीतून भोंगा धावत आला. घामाने निथळत होता. आईला पाहताच त्याने आरोळी ठोकण्यासाठी छाती भरली. आईने बोटे तोंडात घातली आणि दोन तुटक शिट्ट्या मारल्या. भोंगा जागच्या जागी थांबला. श्वास तसाच छातीत, तोंड उघडे. भाजीवाली इतकी हसली की तिला खोक्यावर बसावे लागले.

“हिला कुणी शिकवलं हे?” श्वास सोडून भोंगा म्हणाला. “आता तर घरात दोन-दोन शिट्टीवाले झाले!”

“तूर्त एकच आहे,” बाबा म्हणाले. “माझं बघू पुढे.”

चौघे त्याच बाकावर दाटीवाटीने बसले. भाजीवालीने कुठूनसा चहा मागवला. बाबांनी नव्या दातांनी पहिला घोट घेतला, तो हनुवटीवर सांडला, आणि आईने न पाहता रुमाल पुढे केला. मागच्या दारातून उन्हाची एक तिरपी पट्टी येऊन कापडाच्या ताग्यावर पडली होती, आणि फिका पिवळा रंग आई म्हणाली होती तसा उजळला होता. थोरलीने ते पाहिले. घड्याळ पुरते दुरुस्त झालेले नव्हते. बाबांना शिट्टी आलेली नव्हती, कदाचित येणारही नव्हती. आईच्या डोळ्यांपुढचे धुके होते तिथेच होते. आजच्या कामांतले एकही काम सांगितले होते तसे पार पडले नव्हते. आणि तरी या बाकावर, तिच्या दोन्ही बाजूंना, सगळेच्या सगळे होते. गळता नळ तिला अजूनही गळकाच म्हणायचा होता. पण खाली ठेवलेले भांडे काठोकाठ भरले आहे हेही नकाशात कुठेतरी दाखवायला हवे, असे तिला प्रथमच वाटले. त्याची खूण कशी काढतात ते तिला ठाऊक नव्हते.

“ताई, रडतेयस की काय?” भोंग्याने त्याला जमेल तितक्या हळू विचारले. चार दुकाने वळली.

“चहा गरम आहे,” थोरली म्हणाली.

तेवढ्यात तिच्या पिशवीत टोले पडू लागले. ते थांबेचनात. भाजीवाली मोजता मोजता कंटाळली.

“भलतेच वाजवतंय हो हे,” ती म्हणाली.

“कमी तर वाजवत नाही ना,” थोरली म्हणाली, आणि आपण काय बोललो हे लक्षात येऊन तिने आईकडे पाहिले. आई कडेने तिच्याकडेच पाहत होती.

घरी पोचायला संध्याकाळ झाली. गल्लीच्या कोपऱ्यावर आईने गाडी थांबवायला लावली. भोंगा म्हणाला, अजून घर पुढे आहे. “ठाऊक आहे मला,” ती म्हणाली, आणि खाली उतरली. बाबाही उतरले. दोघे कोपऱ्यावर शेजारी शेजारी उभे राहिले आणि दोघांनी बोटे तोंडात घातली. एकाची नुसती हवा, दुसरीची फाटकी शिट्टी, अशी ती वरून निघून सावकाश उतरत गेली. समोरच्या घराची खिडकी उघडली.

थोरली पिशवी खांद्याला लावून पुढे धावली. चहाचे आधण ठेवायला घरात कुणीच नव्हते.